उत्तम सहा की सहा उत्तम?

अमेरिकेच्या मध्यभागातील नेब्रास्का राज्यात महाविद्यालयीन मुलींचे व्हॉलीबॉल हा केवळ खेळ नाही. तो तेथील सार्वजनिक जीवनाचाच एक भाग आहे. ३० ऑगस्ट २०२३ रोजी लिंकन शहरातील मेमोरियल स्टेडियम या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानात व्हॉलीबॉलचे जाळे बांधण्यात आले आणि नेब्रास्का व ओमाहा या दोन विद्यापीठांच्या मुलींचा सामना पाहण्यासाठी तब्बल ९२,००३ प्रेक्षक जमले. मुलींच्या महाविद्यालयीन सामन्याला एवढी गर्दी होऊ शकते यावर त्या दिवसापर्यंत अनेकांचा विश्वास बसला नसता. या विद्यापीठाने १९९५, २०००, २००६, २०१५ आणि २०१७ अशी पाच राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविली आहेत. साहजिकच तेथील प्रशिक्षक सामन्याच्या आरंभी कोणत्या सहा मुली मैदानात उतरवितात, याची चर्चा भारतात क्रिकेट संघाच्या निवडीची व्हावी तशी होते.

ही चर्चा गेल्या तीन मोसमांत अधिकच तीव्र झाली आहे. २०२३ मध्ये नेब्रास्काचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत अग्रमानांकित होता. अंतिम सामन्यात टेक्सासने त्याला सरळ तीन सेटमध्ये हरविले. २०२४ मध्ये उपांत्य सामन्यात पहिले दोन सेट जिंकूनही तो पेन स्टेटकडून पराभूत झाला. डिसेंबर २०२५ मध्ये तर एकही सामना न गमावता तो उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला आणि लिंकनमध्येच, आपल्या प्रेक्षकांसमोर, टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने पाच सेटच्या झुंजीत त्याची वाटचाल संपविली. पुढे ए अँड एमने आपले पहिलेवहिले राष्ट्रीय अजिंक्यपदही पटकाविले. तिन्ही वेळा नेब्रास्काकडे नामवंत खेळाडूंची वाण नव्हती. मग उणीव कशाची होती? सहा उत्तम खेळाडू एकत्र आणल्या म्हणजे उत्तम सहांचा संघ तयार होतोच असे नाही, हे या खेळाचे जुने सत्य आहे. या तीन पराभवांमुळे ते पुन्हा एकदा ऐरणीवर आले आहे.

फिरणारी रचना

क्रिकेटमध्ये अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजाला कदाचित फलंदाजी करावीच लागत नाही. फुटबॉलमध्ये बचावपटूने गोल करावा अशी अपेक्षा नसते. व्हॉलीबॉलने मात्र आपल्या खेळाडूंना ही सोय दिलेली नाही. प्रतिस्पर्ध्याच्या सर्व्हिसवर गुण मिळवून सर्व्हिस आपल्याकडे आली की सहाही जणींना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एक जागा पुढे सरकावे लागते. जी मुलगी आता जाळ्यापाशी उंच उडी घेऊन स्मॅश मारीत आहे, ती थोड्याच वेळात मागच्या फळीत येते. तेथून तिला प्रतिस्पर्ध्यांची सर्व्हिस स्वीकारावी लागते आणि तीन मीटरच्या रेषेपुढे येऊन जाळ्यावरून चेंडू मारण्याचा तिचा अधिकार संपतो. संघाची निवड म्हणजे येथे नावांची यादी नसून एक फिरते चक्र आहे. त्या चक्राच्या सहा अवस्था असतात आणि प्रत्येक अवस्थेत संघ वेगळा असतो.

हा प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे हे साध्या गणितानेही कळते. अठरा जणींच्या ताफ्यातून सहा जणी निवडून त्यांना सहा जागांवर उभे करण्याचे एकूण १ कोटी ३३ लाख ६६ हजार ८० प्रकार होतात. अर्थात प्रत्यक्षात भूमिका ठरलेल्या असल्याने बहुतेक प्रकार आपोआप बाद होतात. चेंडू उचलून देणारी सेटर एक, तिच्या समोरच्या कोपऱ्यातून चक्रात फिरणारी ‘ऑपोझिट’ एक, डाव्या बाजूने आक्रमण करणाऱ्या आउटसाइड हिटर दोन आणि मध्यभागी अडवणूक करणाऱ्या मिडल ब्लॉकर दोन, ही रूढ मांडणी होय. सहा जणी आणि त्यांच्या भूमिका निश्चित झाल्या, तरीही सेटरने कोणत्या जागेवरून आरंभ करावा, दोन आउटसाइड हिटरपैकी सेटरच्या पुढच्या जागेवर कोण असावी आणि दोन मिडल ब्लॉकरपैकी कोण कोठे असावी, एवढ्यावरूनच चोवीस निरनिराळ्या रचना होतात.

या चोवीस रचनांमधील फरक वरवर क्षुल्लक वाटतो. पण सामना अनेकदा त्यावरच ठरतो. सेटर मागच्या फळीत असते तेव्हा पुढे तीन आक्रमक उपलब्ध असतात. ती पुढे येते तेव्हा दोनच उरतात. या दुबळ्या तीन अवस्थांपैकी दोन अवस्थांत, चक्रात सेटरच्या एक जागा पुढे असलेली आउटसाइड हिटर तिच्याबरोबर पुढच्या फळीत असते. दुसरी आउटसाइड हिटर मात्र एकाच अवस्थेत असते. संघातील अधिक भरवशाच्या हिटरला सेटरच्या लगत उभे करण्याचा प्रघात पडला तो यामुळेच. दोघींची नावे तीच, उंची तीच, मैदानही तेच. केवळ जागांची अदलाबदल झाली तरी संघाच्या सर्वांत कठीण घडीला जाळ्यापाशी कोण असेल हे बदलते.

पहिला चेंडू कोणाकडे?

प्रेक्षकांना स्मॅश दिसतो. प्रशिक्षकाला त्याच्या दोन स्पर्श आधीचा क्षण दिसत असतो. प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस ज्या मुलीच्या हातावर येते, तिच्या त्या एका स्पर्शावर पुढचे सर्व अवलंबून असते. अमेरिकन महाविद्यालयांत या स्पर्शाला शून्य ते तीन असे गुण देण्याची पद्धत रूढ आहे. चेंडू सेटरच्या हाती अलगद पोहोचला आणि तिला सर्व आक्रमकांचे पर्याय खुले राहिले तर तीन. एखादा पर्याय हातचा गेला तर दोन. धावत जाऊन कसाबसा उंच चेंडू डाव्या कोपऱ्यात टाकण्यावाचून गत्यंतर उरले नाही तर एक. आणि चेंडू थेट जमिनीवर पडला किंवा हाताला लागून बाहेर गेला तर शून्य. सहा फूट चार इंच उंचीची मिडल ब्लॉकर मैदानात असली तरी संघाला सातत्याने ‘एक’ दर्जाचे स्वागत मिळत असेल, तर ती केवळ शोभेपुरती उरते. तिच्यापर्यंत चेंडू पोहोचतच नाही.

आकडेवारी वाचताना गफलत होते ती येथेच. आक्रमणाची कार्यक्षमता मोजताना यशस्वी फटक्यांतून चुका वजा करतात आणि आलेल्या संख्येला एकूण प्रयत्नांनी भागतात. समजा, एका आउटसाइड हिटरने चाळीस प्रयत्नांत सोळा गुण मिळविले आणि आठ चुका केल्या, तर तिची कार्यक्षमता ०.२०० भरते. एका मिडल ब्लॉकरने वीस प्रयत्नांत आठ गुण आणि एकच चूक अशी कामगिरी केली, तर ती ०.३५० होते. कागदावर दुसरी पहिलीपेक्षा कितीतरी सरस ठरते. परंतु मिडलकडे चेंडू जातो तो स्वागत चांगले झाल्यावरच. बिघडलेला, जाळ्यापासून लांब पडलेला, समोर दोन ब्लॉकर सज्ज असतानाचा चेंडू पहिलीच्या वाट्याला येतो. ते ओझे ती उचलते म्हणूनच दुसरीची आकडेवारी सुरेख दिसते. केवळ या रकान्यावरून सहा नावे काढणारा प्रशिक्षक भारवाहू खेळाडूला बाहेर बसविण्याचा धोका पत्करीत असतो.

२०२३ च्या अंतिम सामन्याने हा धडा उघड्यावर मांडला. टॅम्पा येथे झालेल्या त्या सामन्यात टेक्सासने २५-२२, २५-१४, २५-११ असा विजय मिळविला. पहिला सेट बरोबरीचा झाला. पुढील दोन एकतर्फी ठरले. टेक्सासने त्या सामन्यात थेट सर्व्हिसवर बारा गुण मिळविले. तीन सेटच्या सामन्यात बारा ‘एस’ म्हणजे जवळजवळ अर्ध्या सेटइतके गुण प्रतिस्पर्ध्याला स्पर्शाची नीट संधीही न देता मिळाले. वास्तविक नेब्रास्काकडे लेक्सी रॉड्रिग्ज ही देशातील अव्वल लिबेरोंपैकी एक होती. पण उत्कृष्ट लिबेरो ही ढाल एकाच बाजूची असते. सर्व्हिस करणारी मुलगी तिला टाळून शेजारच्या खेळाडूवर चेंडू टाकते. स्वागत सामान्यतः तिघींनी करावयाचे असते आणि त्यांतील सर्वांत कच्चा दुवा कोणता, हे समोरच्या संघाला दोन-चार सर्व्हिसमध्येच उमगते.

एका कच्च्या अवस्थेची किंमत किती मोठी असते याचा हिशेब मांडता येतो. समजा, एखाद्या रचनेत सर्व्हिस स्वीकारताना संघ शंभरापैकी ६५ वेळा गुण घेतो. अशा स्थितीत प्रतिस्पर्ध्याने लागोपाठ तीन गुण घेण्याची शक्यता सुमारे चार टक्के राहते. हेच प्रमाण ४० वर घसरले, तर ती शक्यता सुमारे २२ टक्क्यांवर जाते; म्हणजे पाचपट वाढते. २००१ पासून अमेरिकन महिला महाविद्यालयीन व्हॉलीबॉलमध्ये प्रत्येक रॅलीला गुण मिळतो आणि २००८ पासून सेट तीसऐवजी पंचवीस गुणांचा झाला आहे. एवढ्या आखूड सेटमध्ये लागोपाठ गेलेले चार-पाच गुण भरून काढण्यास पुरेसा अवकाशच उरत नाही. तात्पर्य, संघाची परीक्षा त्याच्या सर्वोत्तम अवस्थेत होत नाही. ती त्याच्या सर्वांत दुबळ्या अवस्थेत होते. उत्तम सहांची निवड करणे म्हणजे ही दुबळी अवस्था जितकी कमी दुबळी करता येईल तितकी करणे होय. त्यासाठी किंचित कमी जोरात स्मॅश मारणारी, पण चेंडू शांतपणे उचलून देणारी एखादी मुलगी पहिल्या सहांत आली, तर ती तडजोड नव्हे. तो हिशेब असतो.

एक सेटर की दोन?

यानंतरचा प्रश्न सेटरचा. एकच सेटर सहाही अवस्थांत खेळविण्याच्या पद्धतीला ‘५-१’ म्हणतात. दोन सेटर घेऊन, जी मागच्या फळीत असेल तिने चेंडू उचलून द्यायचा आणि त्यायोगे पुढे कायम तीन आक्रमक ठेवायचे, ही ‘६-२’ पद्धत. वरकरणी दुसरी अधिक लाभदायक भासते. मात्र सेटर आणि आक्रमक यांच्यातील मेळ हा शेकडो चेंडूंच्या सरावातून घडतो. दोन सेटर असल्या की तो सराव विभागला जातो. हातांची ठेवण, चेंडूची उंची, त्याचा वेग यांतील सूक्ष्म भेद आक्रमकांना दर तीन अवस्थांनंतर नव्याने जुळवून घ्यावे लागतात. म्हणूनच बहुतेक नामवंत संघ पहिल्या पद्धतीकडे झुकतात. तरीही दोन समान दर्जाच्या सेटर आणि उजव्या बाजूच्या दोन तगड्या आक्रमक हाताशी असतील, तर दुसरी पद्धत त्याज्य ठरत नाही. विस्कॉन्सिनसारख्या मातब्बर विद्यापीठाने ती अलीकडच्या मोसमांत यशस्वीपणे राबविली.

येथे नियमांचा भाग महत्त्वाचा ठरतो. आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉलमध्ये एका सेटमध्ये सहाच बदल करता येतात. अमेरिकन महाविद्यालयीन महिला सामन्यांत मात्र पंधरा. ‘६-२’ पद्धतीत सेटर आणि ऑपोझिट यांची जोडीने अदलाबदल होते, म्हणजे चक्राच्या एका पूर्ण फेरीला चार बदल खर्ची पडतात. पंधरा बदलांत अशा तीन फेऱ्या सहज निघतात; सहा बदलांत दीड फेरीनंतरच हात बांधले जातात. महाविद्यालयीन लिबेरोला एका अवस्थेत सर्व्हिस करण्याचीही मुभा आहे, जी आंतरराष्ट्रीय सामन्यांत नाही. २०२४ पासून प्रत्येक सेटसाठी दोन लिबेरो नेमता येतात, मात्र एका वेळी मैदानात एकच असते. त्याच वर्षापासून दुसऱ्या स्पर्शात चेंडू हातात दोनदा लागला तरी, तो आपल्याच बाजूला राहिल्यास, पंच दोष देत नाहीत. परिणामी सेटरचे हात निर्दोष असण्याला पूर्वीइतके मोल उरले नसून तिची धाव, निर्णयक्षमता आणि जाळ्यावरची उंची यांना अधिक महत्त्व आले आहे. पहिला चेंडू सेटरनेच घेतला, तर दुसरा उचलून देण्यासाठी लिबेरोही आता निर्धास्तपणे पुढे येऊ शकते.

अनुभवाचा मुद्दाही अनेकदा वाटतो तितका निर्णायक नसतो. २०२३ च्या अंतिम सामन्यात दोन्ही संघांच्या सेटर प्रथम वर्षाच्या विद्यार्थिनी होत्या: नेब्रास्काची बर्गन रायली आणि टेक्सासची एला स्विंडल. संघात वयाने व अनुभवाने मोठी सेटर असतानाही नेब्रास्काने त्या मोसमात रायलीच्या हाती सूत्रे दिली आणि ३३ विजय व अवघे दोन पराभव अशी कामगिरी नोंदविली. सेवाज्येष्ठतेने जागा देण्याची प्रथा खेळात टिकत नाही, हे त्यावरून दिसते. त्याचबरोबर केवळ नावीन्याच्या हौसेने कोणाला खाली बसविणेही परवडत नाही. सेटर बदलली की पाचही जणींचा खेळ बदलतो. त्यामुळे हा निर्णय मोसमाच्या आरंभी एकदा करावा आणि सबळ कारणावाचून बदलू नये, असा विचार अनेक प्रशिक्षक करतात.

बाहेर बसलेल्यांचे काय?

कोणत्या सहा खेळतील या प्रश्नाची दुसरी बाजू अशी की उरलेल्या बारा काय करतील? जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या अमेरिकन विद्यापीठांना व्हॉलीबॉलच्या ताफ्यात अठराच मुली ठेवता येतात. पूर्वी पूर्ण शिष्यवृत्त्यांची संख्या बारा होती. आता ताफ्यातील सर्वांना ती देता येते. म्हणजे संख्येवर मर्यादा आली, पण त्या मर्यादेतील प्रत्येक मुलीचे मोल वाढले. दुसरीकडे २०१८ मध्ये सुरू झालेल्या स्थलांतर नोंदणीमुळे, म्हणजे तेथील ‘ट्रान्स्फर पोर्टल’मुळे, आणि त्यानंतर क्रमाक्रमाने शिथिल झालेल्या नियमांमुळे, बाकावर बसलेली मुलगी मोसम संपताच दुसऱ्या विद्यापीठाची वाट धरू शकते. पूर्वी दोन वर्षे वाट पाहून तिसऱ्या वर्षी संघात येणे हा शिरस्ता होता. आता तो धीर खेळाडूने दाखवावा, अशी सक्ती उरलेली नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण नेब्रास्काच्याच इतिहासात सापडते. २०२३ च्या मोसमात उजव्या बाजूला फ्लोरिडा विद्यापीठातून आलेली मेरिट बीसन खेळत होती. तिची निवड योग्यच होती. ती संघाची कर्णधारही होती. त्याच जागेसाठी आलेली कॅरोलाइन जुरेव्हिशियस ही प्रथम वर्षाची विद्यार्थिनी तो संपूर्ण मोसम एकही सामना न खेळता राखीव राहिली. पुढील वर्षी ती पेन स्टेटला गेली. डिसेंबर २०२४ मध्ये लुईव्हिल येथे उपांत्य सामना झाला तेव्हा नेब्रास्कासमोर जाळ्याच्या पलीकडे, उजव्या बाजूने, तीच उभी होती. नेब्रास्काने पहिले दोन सेट जिंकले, चौथ्यात २२-१६ अशी आघाडीही घेतली. पण पेन स्टेटने तो सेट २८-२६ असा आणि निर्णायक सेट १५-१३ असा खेचून आणला. त्यानंतर अंतिम सामना जिंकून पेन स्टेटने आठवे अजिंक्यपद मिळविले आणि केटी शूमाकर-कॉली या पहिल्या श्रेणीतील महिला व्हॉलीबॉलचे राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकणाऱ्या पहिल्या महिला प्रशिक्षक ठरल्या. त्या मोसमात कर्करोगावर उपचार घेत असतानाच त्यांनी हा संघ उभा केला होता.

एका खेळाडूच्या जाण्याने सामना गेला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु पहिल्या सहांची निवड ही केवळ शनिवारच्या सामन्यापुरती नसते, पुढील वर्षीचा संघ आणि प्रसंगी पुढील वर्षीचा प्रतिस्पर्धी संघही तिच्यातून घडत असतो, ही गोष्ट त्यातून स्पष्ट होते. ज्या मुलीला बाहेर ठेवले तिला त्याचे कारण नीट सांगितले गेले का, तिने कोणत्या बाबतीत सुधारणा करावी हे तिला ठाऊक आहे का, मोसमातील सोप्या सामन्यांत तिला मैदान मिळाले का, या प्रश्नांची उत्तरे प्रशिक्षकाला द्यावीच लागतात.

बाकाची दुसरी कसोटी दुखापतीच्या वेळी लागते. त्याच २०२४ च्या स्पर्धेत लुईव्हिलच्या संघाने पिट्सबर्गला हरवून अंतिम फेरी गाठली. मात्र त्या सामन्यात त्यांची आघाडीची आउटसाइड हिटर ॲना डिबीअर जखमी झाली आणि अंतिम सामना तिच्यावाचून खेळावा लागला. घरच्या मैदानावर, हंगामातील सर्वांत मोठ्या दिवशी, रचनेतील सर्वांत अवघड जागा ऐनवेळी भरण्याची वेळ संघावर आली. लुईव्हिलने दुसरा सेट ३४-३२ असा जिंकून झुंज दिली. तरी सामना १-३ असा गमावला. सातव्या आणि आठव्या खेळाडूला ऑगस्टपासून किती खेळविले, याचा हिशेब डिसेंबरमध्ये होतो तो असा.

लुईव्हिलच्या त्या संघाच्या प्रशिक्षक डॅनी बुसबूम केली होत्या. जानेवारी २०२५ मध्ये जॉन कुक हे पाव शतकाच्या कारकिर्दीनंतर नेब्रास्कातून निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी याच बुसबूम केली आल्या. त्यांची स्वतःची कारकीर्द संघनिवडीच्या दृष्टीने उद्बोधक आहे. त्या नेब्रास्काच्याच विद्यार्थिनी. आधी सेटर म्हणून खेळल्या. २००६ मध्ये, शेवटच्या वर्षी, सेटरची जागा प्रथम वर्षाच्या रेचेल हॉलोवेकडे गेली आणि त्यांना लिबेरो म्हणून मागे उभे करण्यात आले. त्या वर्षी नेब्रास्काने अजिंक्यपद जिंकले. अनुभवी खेळाडूला बाहेर बसविणे किंवा तिच्या जुन्या जागेवर तिला कवटाळून बसणे, यांखेरीज तिसराही मार्ग असतो, हे त्या निर्णयाने दाखविले. सेटर म्हणून घडलेली तिची नजर आणि चेंडूवरची पकड मागच्या फळीत वाया गेली नाही. उलट तेथेच ती संघाच्या अधिक कामी आली.

महाराष्ट्राने काय घ्यावे?

भारतात विद्यापीठांच्या स्पर्धा असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजच्या छत्राखाली, आधी विभागवार आणि मग अखिल भारतीय पातळीवर होतात. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या मुलींचे संघ पश्चिम विभागात खेळतात. अमेरिकेतील साधनसामग्री, शिष्यवृत्त्या आणि प्रेक्षकसंख्या यांच्याशी येथील परिस्थितीची तुलना करणे व्यर्थ आहे. शिवाय तेथील रचना जशीच्या तशी उचलणे चुकीचेही ठरेल. भारतीय व्हॉलीबॉल आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खेळले जात असल्याने सेटमध्ये सहा बदलांचेच भांडवल हाताशी असते. पंधरा बदलांच्या बळावर अमेरिकन प्रशिक्षक केवळ मागच्या फळीत खेळणाऱ्या खास मुली बाळगू शकतो. येथे मात्र पुढे स्मॅश मारणाऱ्या मुलीला मागे जाऊन सर्व्हिसही घेता यावी लागते. म्हणजे स्वागताचे मोल येथे अमेरिकेपेक्षाही अधिक आहे.

निवड चाचणीत मात्र डोळ्यांत भरते ती उंची, उडी आणि स्मॅशचा जोर. जाळे २.२४ मीटर उंचीवर असल्याने उंचीला महत्त्व राहणारच. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या चाचणीत प्रत्येकीला ओळीने उभे करून, प्रशिक्षकाने हाताने उडविलेल्या चेंडूवर दहा-दहा स्मॅश मारावयास सांगतात, तेथे खेळाचा पहिला स्पर्श तपासलाच जात नाही. त्याऐवजी सहा-सहा जणींचे दोन गट पाडून, खऱ्या सर्व्हिसवर, चक्राच्या प्रत्येक अवस्थेत ठरावीक चेंडू खेळवावेत आणि कोणत्या अवस्थेत कोणत्या गटाने किती गुण मिळविले याची नोंद ठेवावी. यासाठी संगणक लागत नाही. वही आणि पेन्सिल एवढे साहित्य पुरते. तीन दिवस ही नोंद ठेवली, तर कोणती मुलगी स्वतः फारसे गुण न मिळविताही ज्या गटात जाते तो गट जिंकतो, हे आपोआप दिसू लागते. अशी मुलगी प्रत्येक महाविद्यालयात असते आणि पुष्कळदा ती पहिल्याच चाचणीत गाळली जाते.

संघनिवडीची एक नैतिक बाजूही आहे. गावातून शहरात शिकावयास आलेल्या एखाद्या मुलीला विद्यापीठ संघातील जागेमुळे क्रीडागुण मिळतात, पुढे नोकरीच्या अर्जात एक प्रमाणपत्र जोडता येते आणि घरच्यांना तिच्या खेळण्याचे कारण पटते. तिला वगळण्याचा निर्णय अशा वेळी केवळ क्रीडाविषयक राहत नाही. तो निर्णय नोंदींच्या आधारे झाला आहे, कोणाच्या ओळखीने वा कोणत्या महाविद्यालयाच्या वजनाने नव्हे, हे तिला दिसणे हा तिचा हक्क आहे. आकडे नेहमी पूर्ण सत्य सांगत नाहीत. पण ते लपविण्यापेक्षा मांडणे केव्हाही हितावह.

प्रत्येक सेटच्या आरंभी सहा क्रमांक लिहिलेली एक लहानशी चिठ्ठी पंचांच्या हाती द्यावी लागते. प्रतिस्पर्ध्याने काय लिहिले आहे हे त्या क्षणी ठाऊक नसते. लिंकनसारख्या शहरात हजारो लोक त्या सहा क्रमांकांवर वाद घालतात. कोल्हापूर वा नांदेडच्या एखाद्या मैदानावर कदाचित त्या सहा मुलींचे पालकही हजर नसतात. तरी चिठ्ठीचे स्वरूप दोन्हीकडे एकच असते. तिच्यावर सहा मोठी नावे लिहिणे फारसे अवघड नाही. प्रत्येकीच्या उणिवेशेजारी दुसरीचे बळ उभे राहील आणि बाहेर बसणारीलाही आपण का बाहेर आहोत हे कळेल, अशा रीतीने ती चिठ्ठी भरणे हेच प्रशिक्षकाचे खरे कसब. नेब्रास्कासारख्या संपन्न संघालाही तीन मोसम लागोपाठ अजिंक्यपदाने हुलकावणी दिली, यावरून ते किती दुर्मीळ आहे याची कल्पना यावी.